निर्वात रूळ (कागद घडीयंत्र)

निर्वात रूळ हा कागदाच्या घड्या घालणाऱ्या यंत्रातील एक फिरता दंडगोल होय. त्याच्या पृष्ठभागावर छिद्रे असतात आणि त्या छिद्रांतून हवा आत शोषली जाते. थप्पीतील एकच ताव पकडून तो ठरलेल्या क्षणी पुढील रुळांच्या स्वाधीन करणे, हे त्याचे मुख्य काम असते. छापखान्यात व बायंडिंगच्या कारखान्यात त्याला सामान्यतः ‘व्हॅक्यूम रोलर’ किंवा ‘सक्शन रोलर’ म्हणतात. तो अरुंद असल्यास ‘सक्शन व्हील’ असेही म्हणतात.

घडीयंत्राचा वेग वाढवायचा म्हणजे घडी घालणारे रूळ अधिक वेगाने फिरवायचे, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात यंत्राच्या वेगाची मर्यादा बहुधा घडीपाशी येत नाही, ती ताव उचलण्यापाशी येते. निर्वात रुळातील हवा किती लवकर काढता येते आणि काढलेली हवा किती लवकर परत आत सोडता येते, यावर संपूर्ण यंत्राची गती अवलंबून असते. म्हणून या रुळातील बहुतेक सुधारणांचा रोख शोषणाचा जोर वाढवण्यापेक्षा हवेचा मार्ग लहान करण्यावर आणि वेळ अचूक साधण्यावर राहिला आहे.

पार्श्वभूमी

पुस्तकाचे पान सुटे छापले जात नाही. मोठ्या तावाच्या दोन्ही बाजूंवर अनेक पृष्ठे विशिष्ट मांडणीने छापतात आणि नंतर तावाला घड्या घालतात. दर घडीला पानांची संख्या दुप्पट होते. एका घडीने २ पाने म्हणजे ४ पृष्ठे, दोन घड्यांनी ४ पाने म्हणजे ८ पृष्ठे आणि तीन घड्यांनी ८ पाने म्हणजे १६ पृष्ठे तयार होतात. घड्या घातलेल्या अशा तावाला मराठी मुद्रणव्यवसायात फर्मा म्हणतात. फर्मे क्रमाने लावून, शिवून किंवा चिकटवून व कडा कापून पुस्तक तयार होते.

यंत्रे येण्यापूर्वी हे काम हातानेच होत असे. ताव दुमडायचा, छापील पृष्ठक्रमांक एकमेकांवर जुळवायचे आणि गुळगुळीत पट्टीने घडी दाबायची, अशी त्याची रीत होती. लहान बायंडिंगखान्यांत आजही हे काम हाताने चालते आणि अनेक ठिकाणी ते स्त्रिया करतात. हाताने घडी घालणारी व्यक्ती बोटांच्या स्पर्शाने दोन ताव एकत्र आले आहेत का, हे नकळत तपासत असते. यंत्रात ही जबाबदारी प्रथम निर्वात रुळावर येऊन पडते.

१९व्या शतकाच्या मध्यापासून यांत्रिक घडीयंत्रे प्रचारात येऊ लागली. त्यांच्या दोन प्रमुख पद्धती आहेत. पाते-पद्धतीत ताव थांबवला जातो आणि वरून येणारे बोथट पाते त्याला दोन रुळांच्या मधल्या फटीत ढकलते. पेटी-पद्धतीत ताव वेगाने एका चपट्या पेटीत शिरतो, आतील अडसरावर आदळून थांबतो, मागून येणाऱ्या भागाला फुगवटा येतो आणि तो फुगवटा खालच्या रुळांत पकडला जाऊन घडी पडते. पेटी-पद्धतीत पात्याच्या खालीवर होण्यात वेळ जात नाही, त्यामुळे अधिक वेग शक्य होतो. अनेक यंत्रांत पहिल्या घड्या पेटीने व नंतरची आडवी घडी पात्याने घातली जाते. पुढे जर्मनीसारख्या देशांत या यंत्रांची खास निर्मिती करणाऱ्या कंपन्या उदयास आल्या. १९६५ साली ओप्पेनवायलर येथे स्थापन झालेली एमबीओ ही त्यांपैकी एक असून २०२० साली ती जपानमधील कोमोरी कंपनीने घेतली.

तत्त्व

‘निर्वात रूळ कागद ओढतो’ असे बोलण्यात येत असले तरी निर्वात स्वतः काहीच ओढत नाही. रुळाच्या आतील हवेचा दाब कमी झाला की कागदाच्या बाहेरच्या बाजूची वातावरणीय हवा त्याला छिद्रांवर दाबून धरते. हा जोर दोन गोष्टींवर ठरतो : आतील व बाहेरील दाबांतील फरक आणि कागदाने झाकलेल्या छिद्रांचे एकूण क्षेत्रफळ.

८ मिमी. व्यासाच्या छिद्राचे क्षेत्रफळ सुमारे ५० चौ. मिमी. असते. दाबांतील फरक २० किलोपास्कल असल्यास अशा एका छिद्रावर सुमारे १ न्यूटन बल मिळते. २३ × ३६ इंच मापाच्या आणि दर चौ. मी.ला ७० ग्रॅम वजनाच्या तावाचे वस्तुमान सुमारे ३७ ग्रॅम, म्हणजे वजन सुमारे ०.३७ न्यूटन भरते. केवळ उचलून धरायचे असेल, तर एकच छिद्र पुरेसे ठरावे. परंतु रुळाचे काम ताव धरून ठेवण्याचे नसून त्याला स्थिर अवस्थेतून यंत्राच्या वेगापर्यंत नेण्याचे असते, आणि खरी अडचण तेथेच उद्भवते.

रचना

निर्वात रुळाचे मुख्य भाग पुढीलप्रमाणे असतात.

बाह्य नळकांडे : हे धातूचे असून सतत फिरते. त्यावर ओळीने छिद्रे पाडलेली असतात. कागद घसरू नये म्हणून काही रुळांवर रबराचे किंवा तत्सम द्रव्याचे आवरण देतात.

स्थिर गाभा : नळकांड्याच्या आत एक न फिरणारा दांडा असतो. त्यात कोरलेला कक्ष फक्त तावाच्या दिशेला उघडा असतो. फिरणारी छिद्रे या कक्षासमोर येतात तेव्हाच त्यांतून हवा शोषली जाते आणि पुढे सरकताच शोषण थांबते.

झडप : कक्ष व पंप यांच्यामधील ही झडप प्रत्येक तावासाठी एकदा उघडते व एकदा बंद होते. जुन्या यंत्रांत ती चकतीच्या उंचवट्याने चाले, तर नव्या यंत्रांत ती विद्युत्-चुंबकीय असते.

पंप : अधिक निर्वात हवे असेल तेथे कार्बनच्या पात्यांचा तेलविरहित फिरता पंप वापरतात. कमी दाबफरकावर पुष्कळ हवा खेचायची असेल तेथे पंख्याच्या जातीचा ब्लोअर वापरतात. लहान यंत्रांत दाबित हवेच्या झोतावर चालणारा निर्वात-जनकही आढळतो.

यांच्या जोडीला थप्पीच्या कडेला हवेचे झोत सोडणाऱ्या तोट्या असतात. त्या वरचे काही ताव एकमेकांपासून सैल करतात. दोन ताव एकत्र आल्यास ते ओळखणारा संवेदक पुढे बसवलेला असतो.

कार्यचक्र

एका तावाच्या प्रवासात चार टप्पे असतात. प्रथम झडप उघडते आणि कक्षातील हवा काढली जाऊन तावाची पुढची कड रुळाला चिकटते. दुसऱ्या टप्प्यात ताव वेग घेतो. तिसऱ्या टप्प्यात पुढील खेचणारे रूळ त्याला पकडतात आणि निर्वात रुळाने त्याला सोडून द्यावे लागते. चौथ्या टप्प्यात तावाची मागची कड रुळावरून निघून जाते व पुढील तावासाठी झडप पुन्हा उघडते.

तिसरा टप्पा वरवर साधा वाटतो, पण तोच सर्वांत नाजूक आहे. झडप बंद केली म्हणजे पकड सुटली असे होत नाही. कक्षात अडकलेला कमी दाब कागदाला धरूनच राहतो. कक्षात बाहेरची हवा शिरल्याशिवाय ताव मोकळा होत नाही. हवा उशिरा शिरली, तर निर्वात रूळ मागे आणि खेचणारे रूळ पुढे अशी ओढाताण होऊन ताव तिरपा होतो. शोषण मागची कड निघून जाईपर्यंत टिकले, तर खालचा ताव वेळेआधी उचलला जातो आणि दोन तावांमधील अंतर नाहीसे होते.

वेगाची मर्यादा

मर्यादा कोठून येते, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होते. ९१ सेंमी. लांबीचे ताव ९ सेंमी. अंतराने, मिनिटाला २०० मी. वेगाने जात आहेत असे समजू. दर तावामागे बरोबर १ मी. लांबी लागते, म्हणून मिनिटाला २०० आणि तासाला १२,००० ताव होतात. प्रत्येक तावाला ३०० मिलिसेकंद मिळतात. त्यांपैकी दोन तावांमधील रिकाम्या जागेचा वाटा सुमारे २७ मिलिसेकंदांचा असतो. झडपेच्या उघडण्यात एका तावापासून दुसऱ्यापर्यंत केवळ ५ मिलिसेकंदांचा फरक पडला, तरी तावाची जागा जवळजवळ १७ मिमी.ने सरकते. ९ सेंमी.च्या अंतरात हा फरक लहान नाही.

दुसरी मर्यादा त्वरणाची आहे. याच उदाहरणात तावाला ३ सेंमी.च्या अंतरात सेकंदाला ३.३३ मी. हा वेग गाठायचा असेल, तर त्याचे त्वरण गुरुत्व त्वरणाच्या सुमारे १९ पट असावे लागते. ३७ ग्रॅमच्या तावाला त्यासाठी जवळपास ७ न्यूटन बल हवे. हे बल घर्षणातून मिळते. घर्षणगुणक ०.२५ धरल्यास ताव रुळावर सुमारे २८ न्यूटनने दाबला गेला पाहिजे, म्हणजेच वर सांगितलेल्या मापाची २८ छिद्रे एकाच वेळी झाकलेली असली पाहिजेत. खालच्या तावाशी होणारे घर्षण यात धरलेले नाही. त्वरणाचे अंतर तेच ठेवून वेग दुप्पट केल्यास लागणारे बल चौपट होते.

यावर शोषण वाढवणे हा सरळ उपाय वाटतो. मात्र पुस्तकाचा साधा, लेपरहित कागद सच्छिद्र असतो. शोषण फार वाढवल्यास वरच्या तावातून हवा आरपार खेचली जाते आणि खालचा तावही सोबत येतो. पातळ कागदावर छिद्रांचे ठसे उमटतात, तर पुरेशी न वाळलेली शाई पुसली जाते. त्यामुळे शोषण वाढवण्याला कागदच मर्यादा घालतो.

सुधारणांच्या दिशा

मृत आकारमान कमी करणे

झडप व छिद्र यांच्यामध्ये असलेली सर्व पोकळी प्रत्येक तावासाठी रिकामी करावी व पुन्हा भरावी लागते. या पोकळीला मृत आकारमान म्हणता येईल. झडप यंत्राच्या कडेला असेल आणि तेथून १२ मिमी. आतील व्यासाची १ मी. लांब नळी रुळापर्यंत येत असेल, तर एकट्या नळीत सुमारे ११३ घन सेंमी. हवा असते. हीच झडप रुळापासून १० सेंमी.वर आणली की नळीतील हवा सुमारे ११ घन सेंमी. उरते. पंप तोच राहिला तरी दाब खाली येण्यास लागणारा वेळ मोठ्या प्रमाणात घटतो. म्हणूनच झडप रुळाच्या टोकाशी किंवा थेट गाभ्यात बसवणे ही सर्वांत परिणामकारक सुधारणा मानली जाते. झडपेच्या मागे, पंपाच्या बाजूला मात्र मोठी टाकी ठेवणे हिताचे असते, कारण तेथील साठवलेल्या निर्वातामुळे प्रत्येक उघडझापीला पंपावर ताण येत नाही.

सोडण्याची स्वतंत्र व्यवस्था

दोन मार्गांच्या झडपेऐवजी तीन मार्गांची झडप वापरल्यास, पंपाचा मार्ग बंद होताच कक्ष बाहेरच्या हवेला जोडला जातो. अधिक वेगाच्या यंत्रांत याच क्षणी हलका हवेचा झोत आत सोडतात. झोत जास्त झाल्यास तावाची कड फडफडते, म्हणून त्याचा दाब बेताचा ठेवावा लागतो.

छिद्रांची मांडणी

छिद्राच्या तोंडाशी उथळ खाच कोरल्यास कागदाला धरणारे क्षेत्रफळ वाढते, पण आतील पोकळी फारशी वाढत नाही. ताव अरुंद असेल तेव्हा त्याच्या कडेबाहेरील छिद्रे उघडी राहून हवा गळते आणि सर्वच छिद्रांवरील पकड ढिली होते. म्हणून रुळाचे आडवे विभाग करून न लागणारे विभाग बंद करण्याची सोय ठेवतात. रुळावरील कागदाला बाहेर फेकणारा केंद्रोत्सारी परिणाम येथे नगण्य असतो. ५ सेंमी. त्रिज्येच्या रुळावर वरील वेगाला तो चौ. मी.ला सुमारे १६ न्यूटन, म्हणजे १६ पास्कल एवढाच भरतो. कड सुटण्याचे खरे कारण कागदाचा ताठरपणा आणि त्याच्याखाली शिरणारी हवा हे असते. जाड कागदासाठी मोठ्या व्यासाचा रूळ सोयीचा पडतो, तो यामुळेच.

काळाचे नियंत्रण

नव्या यंत्रांत रुळाच्या कोनीय स्थितीचे मापन सतत होते आणि झडपेला संदेश त्यानुसार दिला जातो. झडप उघडण्यास लागणारा वेळ यंत्राच्या वेगानुसार बदलत नाही, परंतु त्या वेळात ताव किती पुढे जातो हे बदलते. त्यामुळे वेग वाढेल तसा संदेश आधी द्यावा लागतो. प्रकाश-संवेदक तावांमधील प्रत्यक्ष अंतर मोजतो आणि नियंत्रक पुढील तावाच्या वेळी तेवढी दुरुस्ती करतो. काही यंत्रांत रुळाला स्वतंत्र सर्वो मोटर जोडलेली असते. तेथे रूळ मंद असताना ताव पकडून मग एकत्रच वेग वाढवला जातो, म्हणजे घसरण कमी होते.

अतिव्याप्त पुरवठा

तावांमध्ये अंतर सोडण्याऐवजी एकावर एक थोडे सरकवून ते पुढे नेल्यास निर्वात रुळाला प्रत्येक तावासाठी कमी वेग पुरतो. घडीच्या आधी वेगवान रुळांनी ते वेगळे करतात. या पद्धतीत त्वरणाचे काम दोन टप्प्यांत विभागले जाते.

टिश्यू कागदाच्या यंत्रांतील निर्वात रूळ

कागदी रुमाल व एकमेकांत गुंतवलेले टिश्यू बनवणाऱ्या यंत्रांत निर्वात रूळ केवळ ताव पुरवत नाही, तर स्वतः घडी घालतो. दोन रूळ एकमेकांच्या विरुद्ध दिशांना फिरतात. एका रुळावरील कागद ठरलेल्या रेषेवर दुसऱ्या रुळाच्या छिद्रांनी पकडला जातो आणि त्याच रेषेवर दुमडला जातो. जुन्या यंत्रांत हे काम चिमटे व पट्ट्या करीत. त्यांच्या आदळआपटीमुळे आवाज, झीज आणि वेगाची मर्यादा येत असे. चिमट्यांच्या जागी निर्वात आल्याने हलणारे भाग कमी झाले.

या रुळांची अडचण लांबीची आहे. अनेक पट्ट्यांतील टिश्यू एकाच वेळी घडवण्यासाठी रूळ पुष्कळ लांब ठेवतात आणि निर्वात त्याच्या टोकाकडून, आतील लांब बोगद्यांतून येतो. दाबातील बदल हवेत ध्वनीच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४० मी.ने पुढे जातो. १.५ मी. आत पोहोचण्यास त्याला ४ मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागतो. वाटेतील छिद्रांतून गळती होते ती वेगळीच. परिणामी रुळाच्या टोकाशी पकड चांगली आणि मध्यभागी ढिली असे चित्र दिसते. दोन्ही टोकांनी निर्वात देणे, बोगदे रुंद करणे आणि झडपेची उघडी बाजू छिद्रांच्या जवळ आणणे हे त्यावरील उपाय आहेत. बोगदे रुंद केल्याने रूळ कमकुवत होऊन वाकू शकतो, म्हणून मजबुती व हवेचा मार्ग यांचा मेळ घालावा लागतो.

वृत्तपत्रांच्या अखंड गुंडाळीवर छापणाऱ्या यंत्रांत ही समस्या उद्भवत नाही. तेथे कागद आधीपासूनच यंत्राच्या वेगाने धावत असतो. त्रिकोणी साच्यावरून तो दुमडतो, नंतर कापला जातो आणि पुढील घडी जबड्यासारख्या पकडीने पडते. अशी वेब-ऑफसेट यंत्रे बनवणारी मनुग्राफ ही कंपनी कोल्हापूरजवळ शिरोली येथे उत्पादन करीत आली आहे.

हवामानाचा परिणाम

कागद हवेतील ओलावा घेतो व सोडतो. त्याच्या चाचणीसाठी २३ अंश सेल्सिअस तापमान व ५० टक्के सापेक्ष आर्द्रता ही आंतरराष्ट्रीय प्रमाणस्थिती मानलेली आहे. महाराष्ट्रातील हवामान वर्षातील बराच काळ या स्थितीपासून दूर असते आणि मराठी मुद्रणाचे दोन मोठे हंगाम नेमके दोन विरुद्ध टोकांना येतात.

राज्यातील शाळा जूनमध्ये सुरू होतात, त्यामुळे पाठ्यपुस्तकांच्या छपाईची व बांधणीची घाई उन्हाळ्यात असते. एप्रिल-मे महिन्यांत पुण्यासह देशावरील हवा दुपारी अतिशय कोरडी होते. कोरडा कागद विद्युत्-भार धरून ठेवतो आणि ताव एकमेकांना चिकटतात. अशा वेळी निर्वात रुळाने वरचा ताव अचूक पकडला तरी खालचा ताव स्थितिक विद्युतामुळे सोबत येतो. येथे शोषण वाढवून वा घटवून प्रश्न सुटत नाही. थप्पी सैल करणारा झोत, विद्युत्-भार घालवणारी आयन-पट्टी आणि खोलीतील आर्द्रता यांकडे पाहावे लागते.

दिवाळी अंकांचे काम पावसाळ्याच्या उत्तरार्धात चालते. १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाने सुरू केलेल्या या परंपरेमुळे ऑगस्ट ते ऑक्टोबर हा मराठी छापखान्यांचा दुसरा हंगाम ठरला आहे. दमट हवेत थप्पीतील तावांच्या कडा आधी ओलावा घेतात, फुगतात व लाटांसारख्या वळतात. अशी कड छिद्रांवर सपाट बसत नाही, फटीतून हवा गळते आणि ताव उचललाच जात नाही. कागद छापखान्यात आणल्यावर वेष्टनासह काही काळ ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ देणे आणि वेष्टन ऐन वेळी फोडणे हा यावरील जुना व परिणामकारक उपाय आहे.

उंचीचाही थोडा परिणाम होतो. कोथरूडसह पुणे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मी. उंचीवर आहे. मुंबईत हवेचा दाब सुमारे १०१ किलोपास्कल असतो, तर पुण्यात तो सुमारे ९५ किलोपास्कल असतो. आतील हवेचा एक-पंचमांश भाग शिल्लक ठेवणारा पंप मुंबईत सुमारे ८१, तर पुण्यात सुमारे ७६ किलोपास्कल फरक निर्माण करील. घडीयंत्राला एवढ्या फरकाची सहसा गरज नसते. परंतु समुद्रकिनाऱ्यावर जुळवलेल्या यंत्राच्या दाबमापीवरील आकडा पुण्यात जसाच्या तसा मिळाला नाही, तर तो पंपाचा दोष असेलच असे नाही.

दोष आणि त्यांचे परिणाम

निर्वात रुळाचा दोष यंत्रापुरता राहत नाही, तो वाचकाच्या हातात पोहोचतो.

दोन ताव एकत्र जाणे : दुहेरी जाडीमुळे घडी सरकते. संवेदकाने असा फर्मा बाजूला न काढल्यास पुस्तकात तीच पृष्ठे दोनदा येतात व पुस्तक फुगते.

ताव न उचलला जाणे : यंत्र थांबते. वारंवार असे झाल्यास प्रत्यक्ष उत्पादन यंत्राच्या लिखित वेगापेक्षा पुष्कळ कमी राहते.

ताव तिरपा जाणे : घडी छपाईशी समांतर राहत नाही. पृष्ठक्रमांक वरखाली होतात आणि कडा कापताना मजकूर कापला जाण्याची भीती असते.

अंतर कमी होणे : पुढील ताव आधीच्या तावाच्या शेपटावर चढतो व पेटीत कागद अडकतो.

तासाला १२,००० ताव घेणाऱ्या यंत्रात हजारात एक चूक झाली, तरी तासाला १२ फर्मे बिघडतात. हे फर्मे वेळीच हाती लागले नाहीत, तर ते १२ निरनिराळ्या पुस्तकांत जातात. कथा-कादंबरीच्या वाचकाला ही गैरसोय असते, पण ज्या विद्यार्थ्याकडे एकच पाठ्यपुस्तक आहे, त्याचा एखादा पाठच हरवतो. त्यामुळे घडीयंत्राचे मोजमाप केवळ तासाच्या तावांवर न करता दर हजारी बिघडलेल्या फर्म्यांवरही करणे आवश्यक असते.

देखभाल आणि सुरक्षितता

रुळाचा मुख्य शत्रू धूळ हा आहे. कागदाचे तंतू, त्यातील खनिज भरणद्रव्य आणि ओली शाई पुढच्या तावाला लागू नये म्हणून छपाईच्या वेळी फवारलेली भुकटी ही सर्व हवेबरोबर छिद्रांत जाते. छिद्रे हळूहळू अरुंद होतात आणि पंपाजवळील दाबमापी मात्र उत्तम निर्वात दाखवत राहतो, कारण हवा कमी येऊ लागल्याने तेथील दाब उलट अधिक खाली जातो. म्हणून दाब रुळाच्या जवळ मोजणे अधिक विश्वसनीय ठरते. छिद्रे नेमाने साफ करणे, गाळणी बदलणे, कार्बनच्या पात्यांची झीज तपासणे आणि नळ्यांच्या जोडांतील गळती शोधणे ही नित्याची कामे होत. छिद्रे टोकदार वस्तूने खरवडल्यास त्यांच्या कडा बिघडतात आणि कागदावर ओरखडे येतात.

आत ओढणाऱ्या दोन रुळांमधील फट हे घडीयंत्रातील सर्वांत धोकादायक ठिकाण होय. अडकलेला कागद यंत्र चालू असताना हाताने काढण्याचा मोह अपघातास कारण ठरतो. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या २१व्या कलमात यंत्राच्या धोकादायक भागांना संरक्षक कुंपण घालण्याची तरतूद करण्यात आली. नव्या यंत्रांत झाकण उघडताच मोटर थांबते. निर्वात पुरवठा सुधारून कागद अडकण्याचे प्रसंग कमी केले, तर कामगाराचा हात रुळांजवळ जाण्याचे प्रसंगही कमी होतात. या दृष्टीने रुळाची सुधारणा ही सुरक्षिततेचीही सुधारणा असते.

महाराष्ट्रातील मुद्रण आणि प्रशिक्षण

पुणे हे मराठी मुद्रणाचे जुने केंद्र आहे. चित्रशाळा मुद्रणालय १८७८ साली येथे सुरू झाले आणि १८८१ पासून ‘केसरी’ निघू लागला. २७ जानेवारी १९६७ रोजी महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ, म्हणजेच बालभारती, स्थापन झाले. कोथरूडपासून जवळच, सेनापती बापट मार्गावर त्याचे मुख्य कार्यालय आहे. ठरलेल्या तारखेच्या आत मोठ्या संख्येने पुस्तके तयार करण्याची गरज पाठ्यपुस्तकांमुळे निर्माण झाली आणि अशा कामात हाताच्या घडीऐवजी यंत्राची घडी अपरिहार्य ठरते.

१९०९ साली स्थापन झालेल्या पुणे विद्यार्थी गृह या संस्थेच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात मुद्रण अभियांत्रिकीचा पदवी अभ्यासक्रम चालवला जातो. मुंबईत शासकीय मुद्रण तंत्रज्ञान संस्था आहे. मुद्रणाच्या शिक्षणात छपाईच्या यंत्रांना स्वाभाविकच प्राधान्य मिळते. तथापि छपाईनंतरची कामे, म्हणजे घडी, जुळणी, शिलाई व कापणी, यांचा वेग कमी पडला तर छापून झालेले ताव थप्प्यांतच पडून राहतात.

लहान बायंडिंगखान्यांना नवे यंत्र घेणे नेहमी परवडते असे नाही. जुन्या यंत्रातही झडप रुळाजवळ आणणे, नळी आखूड करणे, झडपेला बाहेरची हवा घेण्याचा मार्ग जोडणे आणि न लागणारी छिद्रे झाकणे या सुधारणा करता येतात. त्यांसाठी अधिक शक्तीचा पंप लागत नाही. अशा बदलांनंतर वेग टप्प्याटप्प्याने वाढवून, प्रत्येक टप्प्यावर बिघडलेल्या फर्म्यांची नोंद ठेवल्यास त्या यंत्राची व त्या कागदाची खरी मर्यादा समजते.